काचेनंतरचा चेंडू

क्लबच्या अपघात-चौकशी समितीचा निष्कर्ष एका वाक्याचा आहे. प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर, पोहण्याच्या तलावाच्या वेळा आणि हरवलेल्या छत्रीची सूचना यांच्या मधोमध, तो अजूनही लावलेला आहे: ‘सदर अपघात हा नवशिक्या महिला खेळाडूने उत्साहाच्या भरात आपली जागा सोडून सहखेळाडूच्या फटक्याच्या कक्षेत प्रवेश केल्यामुळे घडला असून, त्यास कोणीही जबाबदार नाही.’

माझा व्यवसाय पाठचिकित्सेचा. एकाच ग्रंथाची अनेक हस्तलिखिते शेजारी शेजारी ठेवायची आणि कोणत्या नकलनविसाने कुठे डुलकी घेतली, कुठे शहाणपणा केला, हे ठरवायचे. डुलकी सहज ओळखू येते. शहाणपणा ओळखायला वेळ लागतो, कारण मागाहून घुसडलेले वाक्य मुळातल्या वाक्यापेक्षा नेहमी अधिक गुळगुळीत असते. वरचे वाक्य फार गुळगुळीत आहे.

‘नवशिक्या’ या शब्दापासून सुरुवात करू. त्या सकाळी पॅडेलच्या, म्हणजे काचेच्या भिंतींआड खेळायच्या टेनिससारख्या खेळाच्या, कोर्टवर चौघे होतो. त्यांपैकी शिकवणारी सोडली तर उरलेले तिघेही एकाच दिवशी, एकाच वर्गात दाखल झालेले नवशिके. चौघांत तीन बायका, तेव्हा ‘महिला’ या शब्दानेही कोणाची विशेष ओळख पटत नाही. वाचणाऱ्याने समजुतीने मान डोलवावी, एवढेच त्याचे काम. ‘उत्साहाच्या भरात’ हे शब्द ज्याने लिहिले त्याने माझ्या धाकट्या बहिणीला कधी पाहिलेले नाही. उकळता चहासुद्धा ती त्याच्या मर्जीने निवू देते. आणि शेवटचा तुकडा तर समितीच्या प्रतिभेचा कळस: वाक्याच्या पूर्वार्धात जबाबदारी एका बाईच्या पदरात घालायची आणि उत्तरार्धात ती कोणाचीच नाही म्हणून हात झटकायचे. पदरात पडलेले मात्र तिथेच राहते.

उरले ‘जागा सोडून’. या दोन शब्दांसाठी हे सगळे लिहिते आहे.

माझी बहीण जुनी पुस्तके दुरुस्त करते. करत असे, असे लिहायला हवे. पण हात वळत नाही. एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर तिची कार्यशाळा होती. लांबलचक टेबले, लोखंडी दाबयंत्रे, खळीचा मंद आंबूस वास आणि भिंतीवर उतरत्या क्रमाने टांगलेल्या सुया. वाळवीने चाळण केलेले पान ती ओल्या टिपकागदावर पसरायची, त्यावर कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद चिमटीत धरून अलगद सोडायची, आणि मग काहीच करायची नाही. तिच्या कामाचा मोठा भाग हाच होता. खळ वाळेपर्यंत हात लावायचा नाही. तिच्या हाताखालची मंडळी याच पायरीवर हमखास घसरत, कारण वाट पाहणे हे त्यांना काम वाटत नसे.

तिचे यजमान दातांचे डॉक्टर. आमच्या आईने त्यांना पहिल्या दिवसापासून ‘जावईबापू’ म्हटले, म्हणून मीही म्हणते. फरक एवढाच की आई कौतुकाने म्हणायची. माणूस वाईट नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मदतीला तत्पर. इतके तत्पर की मदत मागायची वेळ समोरच्यावर येऊच देत नाहीत. बहिणीने वाक्य सुरू करावे आणि त्यांनी संपवावे. तिने बरणीचे झाकण फिरवायला घ्यावे, तोवर बरणी त्यांच्या हातात गेलेली. उपाहारगृहात वाढपी तिला विचारतो आणि उत्तर ह्यांच्याकडून येते. ते बहुधा बरोबरही असते. लोक म्हणत, नशीब काढलंन. मीही म्हटले असेन.

पॅडेलची कल्पना त्यांचीच. रक्तदाब वाढला म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी हालचाल सांगितली होती. क्लबात नवे कोर्ट झाले होते, चारी बाजूंनी काच आणि तारेची जाळी, एखाद्या प्रचंड मत्स्यालयासारखे.

“तुम्ही दोघी बहिणी दिवसभर कागदात तोंड खुपसून बसता,” ते म्हणाले. “जरा घाम येऊ दे. मी कॉलेजात टेनिस खेळलोय. हे म्हणजे टेनिसचं लहान भावंड. आठवड्यात शिकाल.”

“आणि तू?” बहिणीने विचारले.

“मला काय शिकायचंय? मी तुम्हाला सोबत.”

शिकवणारी बाई पन्नाशीची, सडसडीत, आणि गळ्यात सदैव शिट्टी. आम्ही आपसात तिला शिट्टीबाई म्हणू लागलो आणि दुसऱ्याच वर्गात तिला ते कळले. “म्हणा की,” ती म्हणाली, “आधीच्या बॅचनं याहून वाईट ठेवलं होतं.” पहिल्या दिवशी तिने रॅकेट हातात दिली. तिला तारा नसतात. भोके पाडलेली भरीव, जाड फळी असते ती, आणि कडा चांगल्या टणक. मुठीला एक दोरी असते, ती मनगटात घालायचीच. “दोरी नसेल तर कोर्टवर पाय नाही,” शिट्टीबाईने बजावले. “घामानं मूठ सुटते आणि रॅकेट शेजाऱ्याच्या तोंडावर. दातांचे डॉक्टर घरातच असले म्हणून काय झालं?”

मग मुळाक्षरे. रॅकेट हातोडीसारखी धरायची. सर्व्हिस डोक्यावरून नाही. चेंडू जमिनीवर टाकून, उसळला की कमरेखालून, समोरच्या तिरप्या चौकोनात. खेळ नेहमी चौघांचा, दोन विरुद्ध दोन. एक उजवीकडची, एक डावीकडचा. दोघांनी एका दोरीने बांधल्यासारखे बरोबर पुढे, बरोबर मागे. मधला चेंडू असेल तर ओरडून सांगायचे, ‘माझा’ किंवा ‘तुझा’, आणि एकदा सांगितले की शब्द फिरवायचा नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यासाठी त्या काचा उभ्या केलेल्या असतात. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तुमच्या अंगणात एक टप्पा पडून तुमच्या डोक्यावरून मागे गेला, तर टेनिसमध्ये तो गेला. इथे गेलेला नसतो. तो मागच्या काचेवर आपटतो आणि परत तुमच्याकडे येतो, थकून, हळू होऊन, कमरेच्या उंचीवर. तुम्ही फक्त त्याला जाऊ द्यायचे. त्याच्याबरोबर अंग वळवायचे, रॅकेट मागे घ्यायची, जाळ्याकडे जवळजवळ पाठ करायची आणि थांबायचे.

“नवशिक्यांची एकच चूक,” शिट्टीबाई म्हणायची. “चेंडू मागे निघाला की जीव घाबरतो. मग काचेच्या आधीच झोडपायला जातात. अहो, काचेला बोलू द्या! तिचं बोलून झालं की तुम्ही बोला.”

मला ते जमले नाही. माझे पाय ऐकत नसत आणि मी चेंडूऐवजी शिट्टीबाईची वाक्ये झेलत असे. बहिणीला मात्र तिसऱ्या की चौथ्या वर्गातच जमले, आणि पाहणाऱ्याला हसू यावे इतके सहज. ती वळायची, रॅकेट मागे न्यायची आणि खळ वाळायची वाट पाहावी तशी उभी राहायची. चेंडू काचेवरून यायचा. ती त्याला जाळ्यापलीकडे ठेवून द्यायची. मारायची म्हणता येणार नाही, ठेवायची.

“मॅडम, कुठे शिकलात हो?” शिट्टीबाईने विचारले.

“खळ वाळवण्यात,” बहीण म्हणाली, आणि तोंड ओढणीत लपवून हसली. इतक्या वर्षांत मी तिला स्वतःच्या कौतुकावर हसताना पाहिले ते तेव्हाच.

जावईबापूंना जमले नाही. त्यांचा चेंडू काचेपर्यंत पोहोचतच नसे. वाटेतच ते त्याला गाठत, मोठ्या आवेशाने, आणि तो जाळ्यात जाई. “टेनिसमध्ये हा विनर होता,” ते म्हणत.

“सर, टेनिस घरी ठेवून या. ते रडणार नाही.”

“रिफ्लेक्स आहे हो, काय करू?”

“रिफ्लेक्सला म्हणावं, बायकोकडे बघ.”

सगळे हसले. तेही हसले, पण त्या हसण्याला टप्पा नव्हता. त्या दिवसापासून ते बहिणीच्या बाजूचे चेंडू घेऊ लागले. आधी मधले, मग तिच्या कोपऱ्यातले. ‘तुला धावावं लागलं असतं.’ ‘तुझ्या गुडघ्याला त्रास झाला असता.’ तिच्या गुडघ्याला काही झालेले नव्हते. शिट्टीबाई शिट्टी वाजवायची: “सर, ते मॅडमचं घर आहे. बेल वाजवून जा.” ते कानाची पाळी धरायचे, एक-दोन चेंडू सोडायचे, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी हे जाळ्यापलीकडून पाहत होते. मला तेव्हा ते विनोदी वाटत होते.

त्या सकाळी मी आणि शिट्टीबाई एका बाजूला, ती दोघे दुसऱ्या. बहीण उजवीकडे, जावईबापू डावीकडे. शिट्टीबाईने उंच चेंडू उडवला, बहिणीच्या मागच्या कोपऱ्यात. जावईबापू ओरडले, “तुझा!” हे मी स्वच्छ ऐकले. बहीण वळली. टप्पा पडला, चेंडू काचेकडे निघाला. तिने उजवा हात मागे नेला आणि ती थांबली. तिचे तोंड काचेकडे, पाठ नवऱ्याकडे. आणि तिच्या पाठीमागून ते आले, सगळे कोर्ट तिरपे कापत, आणि चेंडू काचेवरून निघतो न निघतो तोच पूर्ण ताकदीने फटका मारला. चेंडूला तो लागला नाही. रॅकेटची कड तिच्या मागे घेतलेल्या हाताच्या पाठीवर बसली. पुढे मला आठवते ते एवढेच की तिची रॅकेट खाली पडली नाही. दोरीने मनगटाला लटकत राहिली आणि गुडघ्यांवर बसलेली ती त्या रॅकेटकडेच पाहत होती, दुसऱ्या कोणाचा तरी हात असावा तशी.

तिला उचलायच्या आत जावईबापूंचे पहिले वाक्य आले. “अगं, मी ‘माझा’ म्हणून ओरडलो ना! मध्ये कशाला आलीस?”

हा पाठभेद तिथेच, तिच्या शेजारी वाकलेल्या माणसाच्या तोंडून जन्मला. समितीच्या वाक्यात पुढे जे काही गुळगुळीत झाले, ते या मुळावरून. समितीने धरली ती साक्ष त्यांची एकट्याची. शिट्टीबाईने सांगितले, “सगळं फार पटकन झालं.” नोकरी त्याच क्लबात करायची असल्यावर डोळ्यांदेखतची गोष्ट पटकनच होते. मला विचारले नाही, कारण मी नातेवाईक. नवरा बहुधा नातेवाईकांत मोडत नसावा.

तर्जनी आणि मधल्या बोटामागची हाडे मोडली, एक शीर दुखावली. दोन शस्त्रक्रिया झाल्या. हाडे जुळली, जखम भरली, बोटे वळतात. पण तर्जनी अंगठ्याला भेटत नाही. थोडे अंतर राहते. पेला धरता येतो, दार उघडता येते, सही वाकडीतिकडी होते. चिमूट होत नाही. आणि तिचे सारे काम चिमटीचे होते.

या काळात जावईबापूंनी तिची जी सेवा केली तिला खरोखर तोड नाही. वेणी घातली, घास भरवले, व्यायामाचे चेंडू आणून दिले. आधी ते तिचे वाक्य संपवत, आता तिला घासही पुरा करू देत नसत. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “काय करणार, उत्साह नडला तिचा. मी ओरडलो होतो.” ती शेजारी बसून ऐकायची. काही आठवड्यांनी तीच सांगू लागली. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते माझं,” असे म्हणून तो वाकडा हात पुढे करायची, पाहुणे हसले की आपणही हसायची.

मी तिला सांगितले. अनेकदा सांगितले. “तू जागा सोडली नव्हतीस. मी समोर होते.”

“ताई, तू माझ्याच बाजूनं बोलणार.”

“मी कोणाच्या बाजूनं बोलत नाही. मी वाचते ते सांगते.”

“माझी पाठ होती गं तिकडे. तो काहीतरी ओरडला एवढं आठवतंय. माझ्या बाजूचा चेंडू म्हणून मीच आत घुसले असणार. तो कशाला खोटं सांगेल?”

यावर माझ्याकडे उत्तर होते, पण बहिणीच्या संसारात फेकण्यासारखे नव्हते.

मग कार्यशाळेच्या मुख्य बाईंचा फोन आला. सुई धरता येत नसेल तर नको, त्या म्हणाल्या. नव्या मंडळींना शिकवायला ये. डोळा लागतो, सांगणे लागते, हात त्यांचे वापर. आठवड्याभरात कळव, नाहीतर दुसरी व्यवस्था करावी लागेल. ही जागा तिच्यासाठी बनवलेली होती. मला वाटले, आता तरी पोरीचे दिवस पालटतील.

ती नाही म्हणणार होती.

“का?” मी विचारले. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात होतो. जावईबापू ओट्यापाशी भाजी चिरत होते, कान इकडे लावून.

“मी त्यांना काय शिकवणार, ताई? थांबायला? मला स्वतःला जिथे थांबायचं तिथे थांबता आलं नाही. एवढी साधी गोष्ट. सगळ्यांत पहिली गोष्ट. मला वाटत होतं मला तेवढं एक तरी येतं.”

“तिच्यावर दडपण आणू नका, ताई,” जावईबापू सुरी न थांबवता म्हणाले. “घरी आहे, मी आहे, काय कमी आहे तिला? उगाच पुन्हा काही—”

“मला एकदा बघायचंय,” बहीण म्हणाली.

सुरी थांबली. तिचे वाक्य तिनेच संपवल्याचे आम्हा तिघांच्याही एकदम लक्षात आले असावे.

“काय बघायचंय?”

“मी कुठे चुकले ते. तिथेच उभं राहून. तू दाखव मला. मग मी कळवते त्यांना, काय ते.”

“अगं, वेड लागलंय का? डॉक्टरांनी—”

“खेळणार नाहीये. उभी राहणार आहे.”

नाही म्हणायला त्यांच्याकडे सबब उरली नव्हती. जो माणूस बायकोला बरणी उघडू देत नाही, तो तिला एवढे दाखवायला नकार कुठल्या तोंडाने देणार?

रविवारी सकाळी आम्ही गेलो. शिट्टीबाई आली, समितीपुढे जे पटकन झाले होते ते तिला तेव्हापासून फार सावकाश आठवत असावे, कारण ती माझ्याकडे पाहत नव्हती. काचा नुकत्याच धुतल्या होत्या आणि खालच्या कडेला पाण्याचे ओघळ होते. बहिणीने दोरी डाव्या मनगटात घातली आणि आपल्या जागेवर उभी राहिली. जावईबापू आपल्या. मी आणि शिट्टीबाई जाळ्यापलीकडे.

“तोच चेंडू द्या,” बहीण म्हणाली. “तसाच.”

चेंडू उंच गेला. बहीण वळली, पण तिने तोंड काचेकडे करण्याऐवजी मान खांद्यावरून मागे वळवून ठेवली. त्या सकाळी तिला जे दिसले नव्हते, ते पाहायला. टप्पा पडला. जावईबापूंचा उजवा पाय उचलला गेला आणि मधली रेघ ओलांडून तिच्या बाजूला टेकला. मग त्यांचे त्यांनाच भान आले आणि तो मागे गेला. काचेवर थाप वाजली. चेंडू परत आला, दमलेला, कमरेएवढा, आणि बहिणीच्या समोरून संथपणे जात पुढे दुसऱ्यांदा जमिनीवर पडला. कोणी मारला नाही.

“पुन्हा,” ती म्हणाली.

पुन्हा तोच चेंडू, पुन्हा तोच पाय. या वेळी त्यांनी मांडीवर हात दाबून धरला होता. एखाद्या खोडकर जनावराला धरावे तसा. पाय तरीही गेला.

“मी इथेच उभी होते?” बहिणीने शिट्टीबाईला विचारले.

शिट्टीबाईने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. “इथेच, मॅडम.”

“तोंड तिकडे?”

“तिकडेच. मी शिकवलं होतं त्याहून बरं.”

“मग आत कधी गेले?”

मी बोलणार होते. सहा महिने मी तो युक्तिवाद घासूनपुसून ठेवला होता, त्याला एकही फट नव्हती. पण बहिणीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे वळली, आणि तिच्या आवाजात आरोप नव्हता. हे मला आजही सोसत नाही. तिथे फक्त शिकायची इच्छा होती. पहिल्या वर्गात रॅकेट कशी धरायची हे विचारताना होती तशी.

“तू दाखव ना. मी कुठून आले?”

जावईबापू पुढे आले. जमिनीकडे पाहत तिच्या बाजूला आले आणि रॅकेटच्या टोकाने कोर्टच्या हिरव्या गालिच्यावर पसरलेल्या वाळूत एक जागा आखून दाखवली. मग ती पुसली. दुसरी दाखवली, एक पाऊल मागे. तिथून ती आली असती तर ती आधी त्यांच्या पुढ्यात असायला हवी होती, आणि त्यांनी तिला पाहिले असते. ते आणखी मागे गेले. आणखी एक पाऊल. मग त्यांची टाच काचेला लागली. आत घुसायला तिच्यामागे जागाच नव्हती. तिच्यामागे काच होती. सगळे कोर्ट ज्या बाजूला पसरले होते त्या बाजूला एकच माणूस उभा होता, आणि तो कुठून आला हे विचारले जात नव्हते.

काचेला पाठ टेकवून ते उभे राहिले. धुतलेल्या काचेचे पाणी त्यांच्या सदऱ्यावर उमटत होते. माझी अशी अपेक्षा होती की मला आनंद होईल. चोराच्या उलट्या बोंबा अखेर सुलट्या झाल्या, म्हणून. पण मी पाहत होते ते दृश्य एवढेच होते: घरातला एक माणूस, ज्याला आयुष्यात मदत करण्याखेरीज काही येत नव्हते, आणि त्याच्यासमोर एक बाई, जिला थांबायला येत होते, आणि तिचा तो हात. जे गेले होते ते माझ्या युक्तिवादाने परत येणारे नव्हते.

पुढचे थोडे आधी सांगते, कारण शेवटचा शब्द माझा असू नये. ते बोलले. बहिणीने ऐकले. ती रडली नाही, त्यांना जवळही घेतले नाही. मनगटातली दोरी दातांनी सैल करून रॅकेट बाकावर ठेवली, जाळीचे दार स्वतः उघडले (त्यांचा हात पुढे आला होता, तो वाटेतच थांबला) आणि बाहेर उभे राहून फोन लावला. “बाई, मी सोमवारपासून येते,” तिने सांगितले. “नाही, सुई नाही धरता येणार. थांबायला शिकवीन.” घरी येताना गाडीत कोणी कोणाचे वाक्य पुरे केले नाही. संसार मोडला का, असे मला विचारतात. मोडला नाही. बरणी आता तीच उघडते. वेळ लागतो, आणि ते उभे राहून पाहतात.

समितीला मी लेखी कळवले. विषय बंद झाला आहे, असे उत्तर आले. म्हणून फलकावरच्या त्या वाक्याशेजारी ठेवण्यासाठी मूळ पाठ इथे देते. काना-मात्रेचा फरक न करता, शिट्टीबाईसमक्ष, जसा काचेपाशी उभे राहून बोलला गेला तसा:

“तू आलीच नाहीस. तू होतीस तिथेच होतीस. मी ‘तुझा’ म्हणूनच ओरडलो होतो. तू चुकशील असं वाटून धावलो असतो तर गोष्ट वेगळी होती. मला दिसलं की तू थांबलीयस, अगदी बरोबर थांबलीयस, आणि तो चेंडू तुला मिळणार आहे. माझ्याशिवाय. तेवढं मला बघवलं नाही.”